उसना पाटा

मोटारीचा पाटा तुटला की मालकाच्या आधी लोहाराला कळतं, असं आमच्या भागात गमतीनं म्हणत. त्यात फार खोटं नव्हतं. मोटारीच्या चाकांजवळ पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकीला एक लावून बांधलेल्या असतात. एक सगळ्यांत लांब, तिला लागून जरा आखूड, मग आणखी आखूड. रस्त्याचा धक्का त्या आपल्या अंगावर घेतात. त्यातली प्रत्येक पट्टी म्हणजे एक पाटा. त्या काळी असलं पोलाद आमच्याकडं दुसरीकडं कुठं मिळायचं नाही. म्हणून रस्त्यात उतारू नेणाऱ्या एखाद्या सर्व्हिस मोटारीचा पाटा तुटला, की तो तुकडा कुठल्या ना कुठल्या भात्याजवळ पोचायचा आणि त्याचं खुरपं, विळा नाहीतर कुळवाची पास व्हायची. पास म्हणजे कुळवाचं आडवं पातं, जमिनीत शिरून तण कापणारं. साध्या लोखंडाची पास दोन-तीन हंगामांत झिजते. पाट्याची पास बापानं घेतली तर लेकाच्या हाती येते.

माझे वडील लोहार होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. निजामाच्या राज्यात, मुरुम या बाजारगावापासून दोन कोसांवर आमचं गाव. आबांना अक्षर येत नव्हतं, आईलाही नाही. मी बी. ए. झालो, हे आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडलं, आणि ज्यांच्यामुळं घडलं त्या डॉक्टरांच्या मोटारीची ही हकीकत आहे. तीत आबांची एक चूक आहे, म्हणून मी ती आजवर कोणाला सांगितली नाही. पण आबांनी शेवटी स्वतःच्या तोंडानं ती कबूल केली होती. मग मी झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांचा दवाखाना मुरुमात होता. मी चौथीत असताना घणाखाली माझं बोट चेचलं. आबांनी मला खांद्यावर घालून तिकडं नेलं. डॉक्टर पट्टी बांधत होते आणि मी रडत रडत समोरच्या बाटलीवरची अक्षरं लावत होतो. मराठी येत होतं, शाळेत उर्दू शिकत होतो, पण बाटलीवर इंग्रजी होतं. "हे काय लिहिलंय?" असं मी विचारलं. डॉक्टर हसले आणि आबांना म्हणाले, "याला ऐरणीपुढं बसवू नका, लोहार. शिकू द्या." पुढं त्यांनीच उस्मानाबादच्या बोर्डिंगला चिठ्ठी दिली. हैदराबादला कॉलेजात गेलो तेव्हाही त्यांचीच चिठ्ठी खिशात होती. दर सुट्टीत मी दवाखान्यात जायचो. या वेळी काय वाचलंस, असं ते विचारायचे आणि ऐकून घ्यायचे. माझं बोलणं ऐकून घेणारे ते पहिले शिकलेले गृहस्थ.

त्यांच्याकडं एक उघडी मोटार होती. कापडी टपाची, सोलापुरातून जुनी म्हणूनच घेतलेली. तीत बसून ते खेडोपाडी जायचे. लढाई सुरू झाल्यावर पेट्रोल मिळेनासं झालं आणि पुढं डॉक्टर फौजेच्या इस्पितळात भरती झाले. जाण्याआधी त्यांनी मोटार दवाखान्यामागच्या छपरीत दगडांवर चढवली. पुढचे दोन्ही पाट्यांचे जुडगे बसके झाले होते, ते काढून बैलगाडीतून आबांकडं आणले.

"यांची कमान उठवून ठेवा," डॉक्टर म्हणाले. "घाई नाही. मी आलो की बसवू. तोवर अमानत समजा."

"अमानत हाय साहेब," आबा म्हणाले.

अमानत म्हणजे दुसऱ्याची आपल्यापाशी ठेवायला दिलेली वस्तू. आमच्याकडं हा शब्द सगळ्या जातींच्या तोंडी होता आणि तो उच्चारून घेतलेली वस्तू कोणी वापरत नसे. आबांनी जुडगे सोडवले. दोन्ही मिळून बारा पाटे. त्यांना तेल चोळून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवले.

तीन वर्षं ते तिथंच राहिले. मग ब्रह्मदेशाकडून रजेवर आलेल्या एका शिपायानं बातमी आणली की डॉक्टर होते त्या इस्पितळावर बॉम्ब पडला आणि कोणी वाचलं नाही. डॉक्टरांची बायको माहेरी, इंग्रजी मुलखात. तिकडून पत्र नाही. दवाखान्याच्या कुलपावर गंज चढला. गावोगावच्या लोकांनी हळहळ केली, आणि हळहळ जुनी झाली.

त्या उन्हाळ्यात पोलाद कुठंच नव्हतं. शेतकरी रोज भात्याशी येऊन बसायचे. "डॉक्टर गेले बिचारे. पाटे माळ्यावर गंजवून कुणाचं भलं व्हनार हाय?" आबांनी एक उन्हाळा दाद दिली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी गोणपाट सोडलं. लांब आठ पाट्यांतल्या सातांच्या पासा झाल्या आणि आखूड चारांचे विळे, खुरपी. मोबदल्यात आलेली ज्वारी आम्ही खाल्ली. हैदराबादला माझ्याकडं पाठवलेल्या भाकरीच्या पिठातही ती असणार. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं.

लढाई संपली. मी बी. ए. होऊन घरी आलो आणि मास्तरकीच्या हुकुमाची वाट पाहत होतो. एके सकाळी दारात बैलगाडी थांबली आणि तीतून काठी टेकत डॉक्टर उतरले. केस पांढरे झालेले. उजवा पाय खुब्यापासून ताठ.

आबांच्या हातातल्या सांडशीतला तुकडा लाल होता. तो काळा पडेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

"ओळखलंत का लोहार? भूत नाही मी," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, आमी तर... आमी ऐकलं व्हतं..."

"माझ्याही कानावर आलंय ते. बॉम्ब पडला खरा, पण एवढा पायच निकामी करून गेला. मुरुमात एक म्हातारी मला बघून पळून गेली." ते हसले. मग मला जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बी. ए. झालास ना? काय वाचलंस ते सांगायला ये आता." मी पाया पडलो. मग ते पुन्हा आबांकडं वळले. "घोड्यावर मांड ठोकता येत नाही आता. बैलगाडीचे धक्के खुब्यात बसतात. खेड्यांत जायचं तर मोटारच हवी. पेट्रोलची सोय होतेय, टायर मागवलेत. माझे पाटे तयार आहेत ना?"

आबा म्हणाले, "तयार हायत. पाणी द्यायचं ऱ्हायलंय तेवढं. दोन महिने द्या मला."

पोलाद तापवून विझवण्याला पाणी देणं म्हणतात. डॉक्टर बरं म्हणाले आणि गाडीत बसून गेले. आबांना खोटं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं, पण ते खोटं आहे हे मला तेव्हा कळलंही नव्हतं. गाडी वळणाआड गेल्यावर आबा ऐरणीवर बसले. ऐरणीवर लोहार कधी बसत नाही. आई भात्यावरून उठून आली.

"आता कुठनं देनार?" तिनं विचारलं.

तेव्हा आबांनी मला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "मानूस जित्ता हाय का मेला, ते बगायच्या आधी म्या त्याची चीज वाटून खाल्ली."

मी म्हटलं, जाऊन सांगून टाकू. डॉक्टर समजून घेतील.

"समजून घेत्याल," आबा म्हणाले. "म्हनूनच जायाचं न्हाय. आदी पाटे ठेवू त्यांच्या म्होरं, मंग सांगू."

नवे पाटे मिळतील या आशेनं मी सोलापूरला गेलो. निजामाच्या सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, शिपायानं पिशवी तपासली आणि पाटे आणायला चाललोय म्हटल्यावर, "पाटे? मसाला वाटायचे का?" असं विचारून सोबत्याला हसवलं. सोलापुरात मोटारीच्या सामानाच्या दुकानात मी मोटारीचं नाव आणि मापं इंग्रजीत लिहून दिली. दुकानदारानं कागद उलटसुलट पाहिला. "ही मोटार बनायची बंद होऊन जमाना झाला, भाऊ. भंगारात बघा." भंगारात तीन दिवस फिरलो. बरंच पोलाद लढाईत गेलं होतं. जे होतं ते रुंदीला जुळत नव्हतं किंवा गंजून पापुद्रे सुटलेलं होतं. रिकामा परत आलो.

"मंग आपलेच आपुन गोळा करू," आबा म्हणाले.

आमच्या भागात सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. तो दिवस महादेवाचा आणि नंदीचा. त्यामुळं सोमवारी कुळव घरी, माणसंही घरी. शनिवारी लोखंड घरातून काढत नाहीत, म्हणून शनिवार वर्ज्य. मधल्या दिवसांत आबा साध्या लोखंडाच्या पासा घडवायचे आणि सोमवारी पहाटे त्या पाठीला बांधून आम्ही बापलेक निघायचो. कुठला पाटा कोणाकडं गेला हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मी कागद काढला तेव्हा आबा म्हणाले, "ठीव त्यो. लेकीबाळी कुटं दिल्या ते लिवून ठेवावं लागतं व्हय?"

पहिल्याच गावात एक शेतकरी आमच्या अंगावरचं ओझं पाहून म्हणाला, "काय वो लोहार, पोरगं बीए केलं न् शेवटी लोखंडच येचायला लावलं?"

"त्येला इंग्रजी येतंय," आबा म्हणाले. "तुज्या पाशीवर काय लिवलंय ते वाचायला आनलाय."

तो हसला, पण कारण ऐकल्यावर गंभीर झाला. डॉक्टर जिवंत आहेत हेच त्याला ठाऊक नव्हतं. गोठ्यात गेला, कुळवाची पास सोडवून आणली आणि आमची साधी पास घेतली. किती सहज दिली! मला वाटलं, आता सगळीकडं असंच होईल. तसं झालं नाही. एकानं तोंडावर सांगितलं की डॉक्टरला मोटार पाहिजे तर डॉक्टरनं यावं. त्याच्या दारात आम्ही तीन सोमवार गेलो. तिसऱ्यांदा त्याच्या वडिलांनीच, अंगणात बसून सगळं ऐकणाऱ्या त्या म्हाताऱ्यानं, काही न बोलता काठीनं गोठ्याकडं खूण केली. एकाची पास जावयाकडं माकणीला गेली होती. तिकडं जाऊन येण्यात दोन दिवस गेले.

सगळ्यांत अवघड गेली ती एका विधवा बाईकडची. दोन बैलांचं शेत ती स्वतः बघत होती. "खंडेनवमीला पुजलीय ही. माज्या मालकाच्या हातची खरेदी हाय शेवटची. न्हाय देनार," ती म्हणाली. आबांनी वाद घातला नाही. ते खाली बसले आणि डॉक्टर लढाईतून कसे आले, पाय कसा झालाय, ते सांगू लागले. आपली चूकही सांगितली. बाई ऐकत उभी होती.

"म्हंजे ही तुमी चोरून इकली व्हती आमाला?" तिनं विचारलं.

मी काही बोलणार तोच आबा म्हणाले, "व्हय माय. तसंच म्हनायचं."

बाई आत गेली. बऱ्याच वेळानं पास घेऊन आली, तिला हळदकुंकू लावलं आणि हातात न देता जमिनीवर ठेवली. लोखंड हातून हाती देत नाहीत. "न्ह्या. पर डॉक्टरला येक सांगा. माजा मालक तापानं गेला तवा दवाखान्याला कुलूप व्हतं."

ती पास आबांनी बाकीच्यांबरोबर बांधली नाही, घरापर्यंत हातातच धरून आणली.

सात पासा जमा झाल्या. लांब पाट्यांपैकी एक आबांनी तोडलाच नव्हता, तो त्याच्या दोन्ही कानांसकट घरीच होता. कान म्हणजे जुडग्यातल्या सगळ्यांत लांब पाट्याच्या टोकांची गोल वळलेली भोकं, ज्यांतून तो गाडीला अडकवतात. दुसऱ्या जुडग्याच्या सगळ्यांत लांब पाट्याचे कान मात्र पास करताना तोडलेले. आता पुन्हा कान वळवायचे तर लांबी कमी पडत होती. आबांनी तो तापवून तापवून ताणला. आई भाता ओढायची, मी घण मारायचो. माझे हात सोलपटून निघाले. आई म्हणायची, "हळू मार रं, हैदराबादला ऐकू जाईल." पण तिचंही लक्ष आबांच्या चेहऱ्याकडं असायचं. आखूड पाटे त्यांनी घरातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून काढले. सगळ्यांना पाणी दिलं. दोन महिन्यांच्या आत पाटे मोटारीला बसले. पाटे ठेवल्यावर सांगू, असं आबा म्हणाले होते. पण डॉक्टर इतके खूश झाले की आबांनी ते सांगणं पुढं ढकललं.

पहिल्याच फेरीला डॉक्टरांनी आम्हा दोघांना मोटारीत घेतलं. चार कोसांवर एक म्हातारा रुग्ण होता. आबा मागच्या बैठकीच्या कडेला, जणू परक्याच्या ओसरीवर बसावं तसे बसले. वाटेत ओढा लागतो. ओढ्यातला दगड चाकाखाली आला आणि बंदुकीसारखा आवाज झाला. मोटार पुढून एका अंगाला बसली.

डॉक्टर काठी टेकत उतरले. मी वाकून तुटका तुकडा ओढून काढला. ताणलेला लांब पाटा मधोमध तुटला होता. डॉक्टरांनी तुकडा हातात घेतला, तुटलेला भाग पाहिला आणि मग कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"लोहार, मोटारीच्या पाट्याला धार कशाला?" त्यांनी विचारलं.

ओढ्यात घोट्याइतकं पाणी होतं. आबा त्यात उभे होते. "पास व्हती ती कुळवाची," ते म्हणाले. "तुमी गेल्याची बातमी आली साहेब. म्या तुमचे पाटे तोडले. समद्यांचे विळे-पासा केल्या. तुमी आल्यावर खोटं बोललो. आता गोळा करून पुन्ना केल्यात, त्येबी असे."

मला वाटत होतं की ते आता हसतील आणि म्हणतील, जाऊ द्या. ते तसं म्हणाले नाहीत.

"म्हणजे मी मेलो असं धरून तुम्ही सगळे कामाला लागला होतात," ते म्हणाले.

जवळच्या शेतातून मी बैलगाडी आणली. डॉक्टर तीत आडवे झाले. प्रत्येक धक्क्याला ते ओठ दाबायचे. मी त्यांची पेटी धरून बसलो. आबा गाडीत बसले नाहीत. तो तुकडा हातात घेऊन त्या म्हाताऱ्या रुग्णाच्या घरापर्यंत आणि तिथून मुरुमापर्यंत ते गाडीमागून चालत आले. विधवा बाईचा निरोपही त्यांनी त्याच दिवशी दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून सांगितला. डॉक्टरांनी तो ऐकला आणि डोळे मिटले. आबा निघताना ते म्हणाले, "पाटा करून आणा. या वेळी सांगून करा."

आबा तीन दिवस भात्यापाशी गेले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "बाळ, मला पाटा येत न्हाय. मला धार येती." पन्नाशी उलटलेला, पंचक्रोशीत नाव असलेला कारागीर हे म्हणत होता. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या कॉलेजात एखादी गोष्ट येत नसली तर काय करत्यात?"

"ज्याला येते त्याला विचारतात."

"मंग चल."

नळदुर्गला टांगे बांधणारे एक वृद्ध मुसलमान मिस्त्री होते. टांग्यालाही कमानी असतात, आणि त्यांच्या कमानी वीस-वीस वर्षं टिकतात अशी ख्याती होती. आबांनी आपली टोपी सारखी केली, तुटका पाटा त्यांच्यापुढं ठेवला आणि सांगितलं, "चाचा, मला शिकवा."

मिस्त्रींनी तुकडा पाहिला. "पानी पाजलं?"

"व्हय. इळ्याला देतो तसं."

"तरीच." ते नातवाच्या वयाच्या माणसाशी बोलावं तसे हसले. "मियाँ, इळ्यानं कापायचं असतं. पाट्यानं वाकायचं न् उठायचं असतं. नमाज पडल्यावानी. तुमचा हा तर अकडून बसला. तुटनारच."

मग त्यांनी आम्हाला चार दिवस ठेवून घेतलं. पाटा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला की पाण्यात नाही, करडईच्या तेलात सोडायचा. नंतर मंद विस्तवावर पुन्हा तापवायचा आणि बाभळीच्या वाळल्या काडीनं वरून घासत राहायचं. काडी आधी अडते. मग एका क्षणी ती लोण्यावरून फिरावी तशी सरकते आणि तिच्या टोकाला बारीक ठिणगी दिसते. तिथंच थांबायचं. त्याआधी थांबलं तर पाटा तुटतो, त्यानंतर थांबलं तर बसतो. तेलात सोडण्याआधी मिस्त्री दर वेळी "बिस्मिल्ला" म्हणायचे. आबा शेजारी उकिडवे बसून पाहायचे. शाळेत पहिल्या दिवशी बसलेल्या मुलाचा चेहरा कसा असतो, ते मी पुढं मास्तर म्हणून पुष्कळदा पाहिलं. त्या चार दिवसांत तो आबांचा होता.

राहिला प्रश्न पोलादाचा. तुटलेला पाटा जोडून चालणार नव्हता. मिस्त्री आत गेले आणि एक लांब, रुंद पाटा घेऊन आले. घाटात मोडलेल्या कुठल्याशा लॉरीचा तो होता. कित्येक वर्षं त्यांनी तो जपला होता. मोठ्या जमीनदाराच्या टांग्याचं काम येईल तेव्हा काढू म्हणून.

आबांनी मोल विचारलं.

"इकायचा न्हाय," मिस्त्री म्हणाले. "न्हेऊन घाला डॉक्टरसाहेबांच्या गाडीला. रुंदी छाटून घ्या. गाडी मोडीत निघाली की आमचा पाटा आमाला आनून द्या. अमानत हाय." आणि मग मिशीत हसून, "पर बगा लोहारभाऊ, हेचं बी खुरपं करू नगा म्हंजे झालं!"

त्यांची माणसं हसली. आबाही हसले, महिन्याभरानं पहिल्यांदा. पण पाटा उचलताना त्यांनी तो आधी कपाळाला लावला.

घरी येऊन आबांनी तो पाटा छाटला, कान वळवले, बाकीच्या अकरांनाही पुन्हा तेलाचं पाणी दिलं. आई तेलाचा धूर लागून खोकत होती, पण भाता सोडत नव्हती. पाटे तेलात सोडण्याआधी आबा थोडं थांबायचे. ओठ हलायचे नाहीत. मिस्त्री जेवढा वेळ घ्यायचे तेवढाच वेळ ते थांबायचे.

काम चाललं असताना डॉक्टर दोनदा येऊन बसून गेले. मोटार तयार झाल्यावर आबा त्या ओढ्यात आधीच जाऊन उभे राहिले. दगड होता तिथंच होता. डॉक्टरांनी मोटार मुद्दाम त्यावरून घातली. पाटा खाली गेला, आणि वर आला. आबा खाली वाकून तेवढंच पाहत होते. पलीकडं मोटार थांबली. डॉक्टरांनी हाक मारली, "लोहार, बसा पुढं." आबा ओल्या पायांनी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. माफी ना आबांनी मागितली, ना डॉक्टरांनी दिली. पण त्यानंतर डॉक्टर परगावी गेले की दवाखान्याची किल्ली आमच्या घरी असायची.

मला मास्तरकी मिळाली. मग ते वाईट वर्ष आलं. पोलादाला भलतीच मागणी आली. कधी या बाजूची माणसं येऊन आबांपुढं उभी राहायची, कधी त्या बाजूची. सगळ्यांना पातीच हवी होती, पण शेतासाठी नव्हे. आबांनी भट्टी थंड ठेवली आणि आजारी असल्याचं सांगितलं. पुढं हिंदुस्थानच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि त्याच दिवसांत आमच्या जिल्ह्यात मुसलमान वस्त्यांत जे घडलं ते मी पाहिलं तेवढंही इथं लिहिणार नाही. वाट मोकळी झाल्यावर आबा नळदुर्गला गेले. मीही बरोबर होतो. टांग्याच्या कारखान्याचं दार उघडंच होतं, आत काही नव्हतं. भट्टीच्या जागी राख ओली झालेली. शेजाऱ्यांना विचारलं. एक म्हणाला, गेले. कुठं, विचारलं तर तो घरात गेला. हैदराबादकडं गेले, असं कोणी सांगितलं. कोणी मान हलवली.

आबा त्या उंबऱ्यावर बसले. "मेल्याची बातमी म्या येकदा खरी धरली व्हती," ते म्हणाले. "आता न्हाय धरनार."

डॉक्टरांनी मोटार आणखी काही वर्षं चालवली. ती मोडीत काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी आबांना बोलावून घेतलं. आबांनी एकच पाटा सोडवून घेतला. गावोगावचे लोहार आले, त्यांना डॉक्टरांनी उरलेले पाटे दिले.

तो पाटा आबांनी तेल चोळून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला. दर वर्षी खंडेनवमीला खाली काढायचे, पुसायचे, तेल लावायचे. त्याला हळदकुंकू मात्र लावायचे नाहीत. "आपला न्हाय त्यो," म्हणायचे. ऐन टंचाईत कितीतरी माणसं मागायला आली. आबांनी कोणाला तुकडाही दिला नाही. नळदुर्गहून कोणी आलं की आधी मिस्त्रींची चौकशी. उत्तर कधी मिळालं नाही. शेवटच्या आजारात त्यांनी मला जवळ बोलावलं. शेताचं, घराचं काही बोलले नाहीत. पाट्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "त्येंच्यातलं कुनी आलं तर."

तो आता माझ्याकडं आहे. मी शिकलेला माणूस. मला त्यातून खुरपंही करता येत नाही, आणि तो कोणाला द्यायचा तेही ठाऊक नाही. तरी वर्षातून एकदा गोणपाट सोडतो. करडईचं तेल घेतो. दोन्ही कानांत बोट फिरवून गंज लागला नाही ना ते पाहतो आणि पुन्हा गुंडाळून ठेवतो.